एका प्रतिक्रियेला उत्तर: आमच्याकडं गॅस होता

गरिबाच्या यशाची वर्तमानपत्रं परीकथा कशी करतात, यावरच्या 'रंकाचा राव' या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. दोन ओळी खरडायला बसलो आणि हे एवढं झालं.

महोदय (नाव दिलेलं नाहीत, म्हणून महोदयच),

तुमचं म्हणणं असं: बबिता ताडे यांनी २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकले आणि वर्तमानपत्रांनी त्यांची परीकथा केली, तर त्यात माझ्या पोटात दुखायचं कारण नाही. अशा बातम्यांनी खेड्यापाड्यातल्या मुलांना बळ येतं. त्याच कार्यक्रमात पाच कोटी जिंकलेल्या सुशील कुमारचं उदाहरण मी मुद्दाम निवडलं. आकडेही चुकवले. आणि शेवटी, "ज्यांनी गरिबी पुस्तकात वाचली, त्यांनी एसीत बसून गरिबाच्या सुखात मिठाचा खडा टाकू नये."

आधी आकडा. अंजनगाव सुर्जीच्या शाळेत ताडेबाई साडेचारशे मुलांची खिचडी करत, मी चारशे लिहिलं. चूक माझीच, दुरुस्त केली आहे. पण "निदान गुगल तरी करायचं होतंत" हे शिकवणीच्या मास्तरासारखं बोलणं कशाला? चूक दाखवायचीही एक रीत असते.

आता गरिबी पुस्तकात वाचल्याबद्दल. वडील सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत होतो. त्यापुढची चार वर्षं घर कसं चाललं ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही, पण पुस्तकात वाचलेलं नाही एवढं नक्की. पुढे धाकटी बहीण पीएसआय झाली आणि एका दैनिकाचा (नाव घेत नाही) वार्ताहर फोटोग्राफरला घेऊन घरी आला. स्वयंपाकघरात दोन बर्नरची शेगडी होती. फोटोग्राफरला ती काही पसंत पडेना. मागच्या दारी आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, तिच्यापुढे त्यानं आईला बसवलं. काटक्या पेटवून घेतल्या, धूर पाहिजे म्हणून वर ओला पाला टाकायला लावला, तव्यावर एक भाकरी. आईच्या डोळ्यांत धूर गेला, तिनं पदर लावला, आणि नेमका तोच फोटो. खाली ओळ होती: 'लेकीच्या यशानं आईला अश्रू अनावर'. बहीण त्याआधी तीनदा नापास झाली होती आणि पुण्यातल्या अभ्यासिकेसाठी अर्धा एकर विकला होता, हे वार्ताहरानं वहीत लिहून घेतलं होतं. छापलं नाही. आईनं कात्रण जपून ठेवलंय. पण कुणाला दाखवताना आधी सांगते, "आमच्याकडं गॅस होता हं."

तर मिठाचा खडा कोण टाकतं, ते तुम्हीच बघा.

माझ्या लेखातला मुद्दा तुम्ही वाचलाच नाहीत असं वाटतं, म्हणून पुन्हा सांगतो. ताडेबाईंच्या बातमीत महिना दीड हजार रुपये हा आकडा हटकून असायचा. कशाला? पुढचे एक कोटी उठून दिसावेत म्हणून. रक्कम जितकी कमी, तितका मथळा झकास. साडेचारशे पोरांना रोज जेवू घालणाऱ्या बाईला दीड हजारच का, हा सवाल करणारा मथळा माझ्या तरी वाचनात आला नाही. केंद्राच्या शालेय पोषण आहार योजनेत स्वयंपाकिणीला महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने, हा दर २००९ चा. राज्यानं त्यात भर घालायची. आणि त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. म्हणजे किमान वेतनाचं नावच नको. सिंड्रेलाच्या गोष्टीत निदान सावत्र आई कोण ते तरी कळतं. आपल्याकडे दीड हजार रुपये आभाळातून पडल्यासारखे छापतात.

बळ येतं म्हणता. येत असेल, नाही कुठे म्हटलं? २०२२ च्या यूपीएससीला पूर्वपरीक्षेत ५,७३,७३५ जण बसले, निवडले गेले ९३३. बाकीच्यांकडे फोटोग्राफर जात नाही. यावर जास्त लिहीत नाही.

सुशील कुमारचं उदाहरण मुद्दामच घेतलं. बिहारमधल्या मोतिहारीचा, महिना सहा हजारांवर काम करणारा मुलगा २०११ मध्ये पाच कोटी जिंकला. जिंकल्यानंतर आपल्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ आला, हे २०२० मध्ये त्यानं स्वतःच फेसबुकवर लिहिलं. त्याच्यावरही तुम्ही पोटदुखीचा आरोप करणार आहात का?

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, आहे तशी ठेवली आहे. पुढच्या वेळी मात्र नाव टाकून लिहा.

आणि एसीचं म्हणाल, तर सकाळपासून आमच्याकडे लाईट नाही. हे सगळं मोबाईलवर टाईप करतोय.