रंकाळ्यावर सँडीची बाजू

रविवारी दुपारी पम्याच्या घरी आम्ही चौघांनी ‘टूटसी’ पाहिला. सिनेमा १९८२ चा. मास्तरांचा कितव्यांदा तरी, सुजाताचा पहिल्यांदाच. संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर टेकलो, तर चहा सांगेपर्यंतही कुणाला दम निघेना.

“जेसिका लँगचं ऑस्कर शंभर टक्के हक्काचं,” मास्तर म्हणाले.

“आणि टेरी गारचं काय?”

“ती नुसता आरडाओरडा करते रे.”

इथं माझं डोकं फिरलं.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. डस्टिन हॉफमनचा मायकल डॉर्सी हा न्यूयॉर्कमधला हट्टी नट, त्याला कुणी उभं करून घेत नाही. त्याची मैत्रीण सँडी ‘साउथवेस्ट जनरल’ या हॉस्पिटलवरच्या सिरियलच्या ऑडिशनला जाते, तिला परत पाठवतात, आणि तोच रोल मायकल बाईचा वेश घेऊन, डोरोथी मायकल्स बनून पटकावतो. ही सँडी म्हणजे टेरी गार. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिला ‘फ्रेंड्स’मध्ये फीबीची जन्मदाती म्हणून पाहिलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती गेली, ७९ वर्षांची होऊन.

मास्तरांचा मुद्दा पोकळ नव्हता. लँगची ज्युली त्या सिरियलमधली नर्स. भोवती सगळे कल्ला करत असताना ती एकटी हळू बोलते, ऐकते, बघते. “विनोदी सिनेमात गप्प राहून पडदा धरून ठेवायचा, हे येतं का कुणाला?” हे मला मान्यच आहे. पण सहायक भूमिकेच्या त्याच यादीत गारचंही नाव होतं, हे मास्तर सोयीस्कर विसरतात.

“लँगला त्याच वर्षी ‘फ्रान्सिस’साठी मुख्य नटीचंही नामांकन होतं,” पम्या म्हणाला. “ते मेरिल स्ट्रीपनं नेलं. मग हे हिला दिलं असणार.”

“असणार म्हणजे? तू होतास तिथं मतं मोजायला?” मास्तर चिडले.

पम्याने लगेच विषय फिरवला. त्याच रात्री, ११ एप्रिल १९८३ ला, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. मग मिनिटभर सगळेच ताठ बसलो. ‘गांधी’ने त्या वर्षी आठ ऑस्कर नेली. ‘टूटसी’ला दहा नामांकनं होती, हाती आलं ते लँगचं एक.

चहा आला आणि मी परत सँडीवर आलो.

मायकलच्या वाढदिवसाची पार्टी आठवा. सँडी बाथरूममध्ये अडकते, दार वाजवते, हाका मारते, पण त्या गोंगाटात कुणालाच पत्ता नसतो. ती बाहेर येते ती बऱ्याच वेळाने. सिनेमाभर हिचं काय होणार, ते त्या एका दारात कळतं. आणि गारने त्यात कुठंही दया मागितलेली नाही.

पुढं मायकल तिच्याच खोलीत तिचा ड्रेस घालून बघायला कपडे उतरवतो आणि नेमकी ती येते. स्वतःचं सोंग झाकायला तो सांगतो, मला तू हवी आहेस. तिला ते खरं वाटतं. नंतर ती त्याला जे म्हणते त्याचा अर्थ असा, की प्रत्येक नात्यात दुःख असतंच, तर माझ्या वाटणीचं आत्ताच देऊन टाक, नाहीतर मी फोनपाशी बसून राहीन, तुझा फोन येणार नाही, आणि मग दुःखही होईल आणि फोनपाशी बसणंही चालूच राहील. थिएटरात हसू येतं. पण गारचा चेहरा बघा. ती हिशोब मांडल्यासारखी बोलते आणि डोळे मात्र उत्तराची वाट बघत असतात.

“मायकल बाई झाल्यावर शहाणा होतो असं हा सिनेमा सांगतो ना?” मी म्हणालो. “मग ते शहाणपण तो सँडीच्या बाबतीत कधी वापरतो? डोरोथी सेटवर डायरेक्टरला सुनावते, आणि घरी येऊन तोच माणूस सँडीला थापा मारतो. शेवटच्या भांडणात ती ओरडते ते प्रेम नाही म्हणून नव्हे. खोटं बोललास म्हणून. सिनेमाचं माप तिच्या हातात आहे, मास्तर. ती नसती तर मायकल फार स्वस्तात सुटला असता.”

“सुटतोच की तो,” सुजाता म्हणाली. इतका वेळ ती गप्पच होती.

सुजाता राज्य नाट्य स्पर्धेत बारा वर्षं उभी राहते आहे. मागं इकडंच शूटिंग असलेल्या एका सिरियलच्या ऑडिशनला ती गेली होती. मोठ्या सुनेचा रोल. दोन पानं पाठ, इस्त्रीची साडी, आणि पिशवीत दुसरी साडी, वेळ पडली तर असावी म्हणून. दारातल्या मुलाने मोबाईलवरून नजर वर केली, म्हणाला, “ताई, आम्हाला असा फेस नको आहे.” पानं घडी केलेलीच राहिली.

“सँडीलाही वाचूच देत नाहीत,” ती म्हणाली. “आदल्या रात्री मायकलकडून रागवायला शिकते, अगदी घोकून. आणि तिथं तो राग कुणी मागतच नाही. बाहेर येते तेव्हा तिचा तो चेहरा बघितला ना... माझाही तसाच झाला होता त्या पोरासमोर.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “ऑस्कर लँगचंच,” ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. “आरडाओरडा हा शब्द मात्र मागं घेतो.”

अंधार पडला, पाण्यावरून वारा सुटला. उठता उठता सुजाता म्हणाली, “डोरोथीनं तो रोल कसा केला ते सगळ्यांनी बघितलं. सँडीनं कसा केला असता?”

याचं उत्तर पम्याकडंही नव्हतं. आम्ही परत खाली बसलो आणि आणखी एक चहा सांगितला.