सीलबंद पिशवीतही जॉब गंजतो

‘पॅकिंगवाल्यांची लूट थांबवा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या डिस्पॅचच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा माझ्या धाकट्या भावाने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, पुढच्या लॉटपासून व्हीसीआय पेपर बंद करतोय.’ व्हीसीआय पेपर म्हणजे गंज रोखणारं, वाफ होणारं रसायन लावलेला पॅकिंगचा कागद. त्याचे जॉब, म्हणजे कारखान्यात बनवलेले भाग, ग्राइंडिंग करून गुळगुळीत केलेले पोलादी शाफ्ट, आणि ते जाणार बोटीने. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जाड प्लास्टिकची पिशवी सील केली की गंज येत नाही, व्हीसीआय हा निव्वळ धंदा आहे. सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या की ओलाव्याचा प्रश्न मिटला. लाकडी पेटीवर ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट, म्हणजे लाकूड तापवल्याचा) शिक्का असेल तर लाकूड कोरडं असतं. बबल रॅपचे थर जितके जास्त तितका जॉब सुरक्षित. आणि पेटीवर ‘फ्रॅजाइल’ लिहिलं की माल जपून हाताळला जातो.

सगळ्यात घातक दावा शिक्क्याचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. हा शिक्का ‘आयएसपीएम 15’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा. ते 2002 मध्ये आलं, कारण पॅकिंगच्या लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जात होते. एचटीची अट एवढीच, की लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं राहिलं पाहिजे. त्याने कीड मरते. लाकडात पाणी किती उरावं, याची अट त्यात नाही. ओलं लाकूड भट्टीत घालून गाभा तेवढा वेळ तापवला आणि ओलंच बाहेर काढलं, तरी शिक्का नियमाप्रमाणेच बसतो.

याचा परिणाम काय होतो, ते हिशोबाने बघा. 50 किलोच्या पेटीच्या लाकडात, कोरड्या वजनाच्या तुलनेत, 30 टक्के ओलावा आहे. प्रवासात तो 15 टक्क्यांवर आला, तर जवळजवळ पावणेसहा लिटर पाणी बाहेर पडतं. बंद कंटेनरमध्ये ते जाणार कुठे? दिवसा पत्रा तापला की लाकूड वाफ सोडतं, रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ छतावर थेंब धरून खाली मालावर टपकते. आयएमओ, आयएलओ आणि युनेसे या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून काढलेल्या 2014 च्या सीटीयू कोडमध्ये, म्हणजे कंटेनरमध्ये माल भरण्याच्या नियमावलीत, या दवाच्या नुकसानीवर स्वतंत्र परिशिष्ट आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान तेवढं तरी वाचावं. लाकूड घेताना शिक्का बघाच, पण मॉइश्चर मीटरही लावा.

आता त्या चार पुड्या. सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस-पस्तीस टक्के पाणी धरतं. वरच्या पेटीचं पाणी शोषायचं तर सोळा ते एकोणीस किलो जेल लागेल. आणि फटी असलेल्या पेटीत पुड्या टाकणं तर पूर्ण वाया, कारण त्या बाहेरच्याच हवेतला ओलावा ओढत बसतात. सिलिका जेल उपयोगी पडतं ते ॲल्युमिनियम फॉइलच्या बॅरिअर बॅगेत, म्हणजे वाफही अडवणाऱ्या पिशवीत, हवा काढून नीट सील केल्यावर.

साधी पॉलिथिनची पिशवी म्हणजे बॅरिअर नव्हे. पाणी अडतं, पण वाफ हळूहळू आत शिरतेच, आणि महिनाभराचा प्रवास म्हणजे तिला भरपूर वेळ. शिवाय सील करताना जी हवा आत कोंडली, तिचं काय? 30 अंशांना 75 टक्के आर्द्रतेची हवा 25 अंशांच्या आसपासच दव धरायला लागते. म्हणजे फक्त पाच अंशांचा फरक, आणि तेवढा तर एका रात्रीत पडतो.

त्यात हाताचा घाम. ग्राइंडिंग केलेल्या बेअरिंग सीटवर (शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या जागेवर) उघडं बोट लावून जॉब तसाच पॅक केला, तर पेटी उघडल्यावर गंज नेमका बोटाच्या ठशाच्या आकारात दिसतो, रेघ न् रेघ उमटलेला. घामातलं मीठ पिशवीने कसं अडणार? व्हीसीआयचं रसायन वाफ होऊन पोलादावर बसतं आणि गंजाची प्रक्रियाच रोखतं. ते ओलावा शोषत नाही. तो धंदा नाही, साधं रसायनशास्त्र आहे.

एक मात्र मान्य करावं लागेल: व्हीसीआयवर पैसे वाया घालवणारे खूप आहेत. उघड्या क्रेटमध्ये तो कागद नुसता अंथरला तर वाफ उडून जाते. मशीनिंगच्या वेळी जॉबवर सोडलेलं कूलंट (गार करणारं पाणीदार द्रव) न पुसता कागद गुंडाळला तरी उपयोग नाही. पोलादासाठीचा कागद पितळेला चालेलच असं नाही. आणि तेल लावलेला जॉब कोरड्या हवेत जवळच्या जवळ जाणार असेल, तर साधी पिशवी पुरते. पण म्हणून समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचा व्हीसीआय बंद करायचा?

बबल रॅपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जड जॉबच्या वजनानेच बुडबुडे चपटे होतात आणि जॉब पेटीत हलायला मोकळा राहतो. त्याला सॅडलवर, म्हणजे त्याच्या आकाराच्या खाचेच्या आधारावर, बसवून ठोकळे आणि पट्ट्यांनी जखडावं लागतं.

‘फ्रॅजाइल’ माणसं वाचतील, लाट वाचत नाही. सीटीयू कोड खवळलेल्या समुद्रात आडव्या दिशेला वजनाच्या 0.8 पट जोर धरायला सांगतो. म्हणजे 500 किलोचा जॉब 400 किलोच्या जोराने बाजूला रेटला जातो, आणि ठोकळे तेवढ्यासाठी हवेत.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्टही सांगतो. गार कंटेनरमधून आलेला जॉब उबदार, दमट गोदामात लगेच उघडला तर पोलादाला तिथेच घाम फुटतो. जॉब गोदामाच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी फाडू नये, ही सूचना फ्रॅजाइलच्या शेजारी मोठ्या अक्षरात चिकटवा.