आले, आबुंग आणि खिचडीचं ताट

मेळघाटातल्या शाळेवर रुजू होऊन मला दोन-तीन महिने झाले असतील. पहिलीच्या वर्गात बहुतेक लेकरं कोरकू आदिवासी, घरी कोरकू भाषाच बोलणारी. मी आल्याआल्याच एक वही घातली होती, कोरकू शब्दांची. पाणी, भाकर, घर, ये, जा, बस. तीनेकशे शब्द झाले तसा मला धीर आला. एक दिवस खिचडीच्या सुटीत पोरांना त्यांच्याच भाषेत म्हटलं, चला, आपण जेवू. 'आपण'साठी वहीत एकच शब्द होता, 'आले'. तोच वापरला.

पोरं ताटं धरून तशीच उभी. कोणी बसेना. एका मुलीचे डोळे भरून आले. खिचडी शिजवणाऱ्या मावशी बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमी त्यायले सांगतलं का आमी जेवतो, तुमी नाई."

भुकेल्या लेकरांना मी हे सांगितलं होतं. ते ताट धरलेलं पोरगं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशींच्या ओट्यावर बसून मी पहिल्यांदा नीट विचारलं. कोरकूत 'आम्ही-आपण'च्या जागी चार शब्द आहेत. आलांग म्हणजे तू आणि मी, दोघंच. आलिंग म्हणजे मी आणि आणखी एक जण, तू नाही. आबुंग म्हणजे आपण सगळे, तुझ्यासकट. आणि आले म्हणजे आम्ही सगळे, तुला सोडून. मावशींनी नातीला जवळ ओढलं, आलांग. मग माझ्याकडे पाहून नातीच्या डोक्यावर हात ठेवला, आलिंग. व्याकरणाचा तास असा असतो हे मला डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

खरं तर मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. 'आम्ही जेवतो' आणि 'आपण जेवू' यातला फरक आपल्याला दोन वर्षांचं असल्यापासून कळतो. हिंदीतल्या 'हम'मध्ये तो नाही. आणि माझी चूक तिथेच झाली होती. मी हिंदीतून विचारलं होतं, 'हम' को क्या बोलते? समोरच्या बाईने 'आले' सांगितलं, आणि ते अगदी बरोबर सांगितलं. तिच्या 'हम'मध्ये मी नव्हतेच. वही घेऊन आलेली परकी बाई होते मी.

म्हणून मला शब्दांच्या याद्यांबद्दल आता बोलावंसं वाटतं. आदिवासी भाषा जपायची म्हटलं की आपण दोनच गोष्टी करतो. गॅदरिंगमध्ये नाच बसवतो आणि शंभर शब्दांचा तक्ता भिंतीला लावतो. नाच हवाच, तक्ताही हवा. पण भाषा जगाकडे कशी बघते ते तक्त्यात येत नाही, ते व्याकरणात असतं. कोरो म्हणजे माणूस, कोरोकिंग दोन माणसं, कोरोकू दोनाहून जास्त. संस्कृतात आपण घोकून पाठ केलेलं द्विवचन इथे ढोरं राखणारं पोर रोज बोलतं. आणि 'कोरकू' हे नावच त्यातून आलंय, माणसं.

आणखी एक. कोरकूत नामांची विभागणी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी अशी नाही, सजीव-निर्जीव अशी आहे. आता मराठीच्या पेपरात 'माझा वही', 'ती झाड' लिहिणारं पोरगं आठवा. मी स्वतः अशा किती वह्यांवर लाल रेघा ओढल्यात. ते पोरगं ढ नव्हतं. वही बाई का आणि झाड ना बाई ना बुवा का, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्याच्या भाषेत तो प्रश्नच उठत नाही. मास्तरला एवढं ठाऊक असेल तर शिकवणं बदलतं. मी आता लिंग वेगळा धडा म्हणून शिकवते, परक्या भाषेचं शिकवावं तसं.

एक सहकारी मला म्हणाले, "मॅडम, हे बोली सुटल्याशिवाय पोट्टे काय शिकतीन?" मला फार लागलं ते. तुले-मले म्हटलं म्हणून पुण्या-मुंबईत आपल्या वऱ्हाडी माणसांनाही हेच ऐकावं लागतं ना?

आणि या भाषा म्हणजे मराठीच्या तुटक्या बोली नव्हेत. कोरकू मुंडा भाषाकुळातली, झारखंडाकडच्या संथालीची नातलग. यवतमाळ-वर्ध्याकडची कोलामी द्राविडी, गोंडीसारखी. वर्ध्याच्या कोलामीचं व्याकरण मरे एमेनो या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकाने लिहिलं, 1955 साली छापून आलं. आणि बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा आहे. तिला जगात कुठे सख्खं कूळच सापडलेलं नाही. तिच्यात दोन, तीन, चार म्हणजे इरार, मोथो, नालो, हे द्राविडी भाषांकडून आलेले. पाचपासून पुढचे हिंदी-मराठीसारख्या आपल्या भाषांकडून गेलेले. कोरकूचे शब्द तर ढिगाने. कोण कोणाच्या शेजारी राहिलं, कोणाशी बाजार केला, सगळं त्या आकड्यांत आहे. बोलणारे दोन-अडीच हजार. जनगणनेत दहा हजारांखालच्या भाषांचे आकडे 1971 पासून वेगळे छापतच नाहीत, म्हणजे सरकारी कागदावर ती दिसतही नाही.

जनगणनेत 2011 ला कोरकू बोलणारे सात लाखांवर होते. म्हणून निवांत बसू नका. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या घरी आता लेकरांशी हिंदीच बोलतात. त्या दोघी आले आणि आबुंग, दोन्हीच्या जागी 'हम' म्हणतात.

मेळघाटात, यवतमाळच्या झरीत, जामोदकडे नोकरीला असलेल्या मास्तर-मॅडमना, अंगणवाडीताईंना, नर्सताईंना माझं हात जोडून सांगणं आहे. 'याला काय म्हणता' एवढ्यावर थांबू नका. दोन माणसं असताना काय म्हणतात, तिसरं आल्यावर काय बदलतं, हे बघा. वाक्यं लिहा, सुटे शब्द नको. कोण बोललं, कोणाला बोललं, तिथे आणखी कोण होतं, तेही लिहा. अर्धा अर्थ तिथेच असतो. आणि ज्याने सांगितलं त्याला वाचून दाखवा. मावशी माझ्या वहीतल्या अजूनही पानोपानी चुका काढतात.

ती जुनी वही मी फेकली नाही. 'आले' खोडून तिथे चार ओळी केल्यात. सध्या क्रियापदांचं पान चालू आहे, रोज संध्याकाळी ओट्यावर. परवा भाकरी तव्यावरून उतरवताना मावशींनी आतून हाक दिली, नातीला, सुनेला आणि मला, तिघींना मिळून. त्या हाकेत शब्द होता आबुंग.