खणखणली तीच ऐरण अस्सल?

लोहारकामाचा छंद नव्याने लागलेल्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : जुन्या बाजारात विलायती ऐरण दिसली की हातोडीने ठोकून पाहावी, खणखणीत वाजली तर ती पोलादी आणि अस्सल, बद्द वाजली तर बिडाची आणि टाकाऊ. अंगावर कोरलेला आकडा म्हणजे तिचे किलोतले वजन. माथा खराब असेल तर तो मशिनवर सपाट करून घ्यावा. आणि शिंग, म्हणजे एका बाजूला निघालेले निमुळते गोल टोक, नसलेला चौकोनी ठोकळा ही ऐरणच नव्हे, त्यापेक्षा भंगारातून रुळाचा तुकडा उचलावा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. परंतु तो पाळल्याने शंभर वर्षे टिकलेल्या ऐरणी एका दुपारीत कायमच्या बाद होतात, म्हणून त्याचे एकेक कलम तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले कलम आवाजाचे. ऐरणीचा नाद तिच्या आकारातून आणि धातूच्या लवचिकपणातून येतो, आणि पोलादाला पाणी दिल्याने, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केल्याने, किंवा त्याचे पाणी उतरल्याने हा लवचिकपणा जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे कारखान्याला लागलेल्या आगीत सापडून जिचा माथा मऊ पडला आहे, अशी ऐरणही छान खणखणू शकते आणि घेणारा फसतो. उलट अमेरिकेतील ट्रेंटन येथे ‘फिशर अँड नॉरिस’ने बनवलेल्या, अंगावर गरुडाचे चिन्ह असलेल्या ऐरणी पाहाव्यात. त्यांचे अंग बिडाचे आणि माथा पोलादी पट्टीचा असे; त्या वाजत नाहीत, आणि शांतपणा हाच त्यांचा गुण म्हणून त्या विकल्या जात. वरील कसोटीने अशी उत्तम ऐरण पहिल्याच ठोक्याला भंगारात जाईल. आवाजाचा उपयोग आहे तो वेगळ्या कामासाठी : माथ्यावर टोकापासून टोकापर्यंत हलके ठोके देत जावे, आणि मध्येच एखाद्या जागी आवाज बसका झाला, तर तिथे पोलादी पट्टी खालच्या अंगापासून सुटली असण्याची शंका घ्यावी.

माथ्याचा कठीणपणा तपासायचा असेल तर बेअरिंगमधली साधारण इंचभर व्यासाची गोळी दहा इंचांवरून माथ्यावर सोडावी. चांगल्या माथ्यावरून ती सात-आठ इंच परत उसळते. मऊ पडलेल्या माथ्यावर ती थोडीशी उडून तिथेच थबकते. ही तपासणी एकाच जागी न करता संपूर्ण माथ्यावर करावी, कारण बहुतेक काम मध्यभागी होते आणि तिथली अवस्था कडेपेक्षा निराळी असू शकते.

आकड्यांचा गैरसमज व्यवहारात महाग पडतो. पीटर राइट किंवा माऊसहोल यांसारख्या इंग्लिश ऐरणींच्या बाजूवर तीन आकडे सुटे सुटे ठोकलेले असतात. समजा ते १ · २ · १४ असे आहेत. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव भागाचा, म्हणजे २८ पौंडांचा. आणि तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणून ११२ अधिक ५६ अधिक १४ मिळून १८२ पौंड, म्हणजे सुमारे साडेब्याऐंशी किलो. या पद्धतीत मधला आकडा तीनच्या वर आणि शेवटचा सत्तावीसच्या वर जात नाही, एवढे लक्षात ठेवले तरी आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत याचा अंदाज येतो. अमेरिकी हे-बडन ऐरणीवर मात्र वजन थेट पौंडांत असते. कंबरेतली आणि पायातली चौकोनी भोकेही अशीच चुकीची वाचली जातात : ती कोणतेही अवजार बसवण्यासाठी नसून, घडवताना तापलेले अवजड धूड सळईने उचलता-फिरवता यावे म्हणून पाडलेली असतात.

सर्वांत घातक कलम माथा सपाट करण्याचे आहे. जुन्या इंग्लिश ऐरणीचे अंग घडीव लोखंडाचे, म्हणजे मऊ असते, आणि त्यावर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादी पट्टी भट्टीत तापवून, घणांनी ठोकून एकजीव केलेली असते. तिचा सर्वांत कठीण थर वरच्याच बाजूला असतो. शिवाय हाताने घडवलेल्या ऐरणीचा तळ माथ्याशी समांतर असेलच असे नाही. तळ टेबलावर टेकवून माथा मिलिंगला लावला, तर एका टोकाला एक मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला पट्टीचा निम्मा भाग निघून जाऊ शकतो. हे नुकसान भरून काढता येत नाही. पुरेसे आधी न तापवता वेल्डिंगचा भर घातला, तर भराच्या कडेने पट्टीला तडे जाण्याचा धोका असतो.

आणि एवढे करायचे कशासाठी? मध्ये किंचित खोलगट झालेला माथा वाकडी सळई सरळ करायला उलट सोयीचा असतो, कारण सळई सरळ होण्यासाठी ती थोडी पलीकडे दबावी लागते. गोलसर झालेली कडही कामाची आहे. तीक्ष्ण कडेवर खांदा, म्हणजे सळईच्या जाडीत पायरी, पाडला तर कोपऱ्यात खाच पडून वस्तू तिथेच तुटते. शिंग आणि माथा यांच्यामधल्या पायरीवर छिन्नीचे वण दिसले, तर तो दोषच नव्हे. ती पायरी मुद्दाम मऊ ठेवलेली असते आणि तोडकाम तिथेच करायचे असते.

चौकोनी ठोकळ्याला ऐरण न मानणे मला मनापासून खटकते. आपल्याकडे घिसाडी आणि गावोगावचे लोहार लाकडी ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेल्या ठोकळ्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहेत. जपानी लोहारांची पारंपरिक ऐरणही शिंगाविना चौकोनी असते. घाव पडतो त्याच्या थेट खाली सगळे वजन एकवटणे ही या आकाराची खरी ताकद आहे. तीस किलोच्या शिंगवाल्या ऐरणीचे बरेच वजन शिंगात आणि त्याच्या विरुद्ध टोकाच्या शेपटात वाटले जाते. बाजारात असा ठोकळा लोखंडाच्या भावाने मिळत असेल आणि गोळी त्यावरून नीट उसळत असेल, तर तो निःशंकपणे घ्यावा.

रुळाचा तुकडा नवशिक्याला चालतो, हे खरे आहे. पण आपल्याकडचा रूळ बहुधा मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो, म्हणजे फूटभर तुकडा सोळा ते अठरा किलोच भरतो. म्हणून तो आडवा न ठेवता उभा रोवून त्याच्या टोकावर काम करणे अधिक फायद्याचे. मात्र ‘भंगारातून उचला’ हा सल्ला बेजबाबदार आहे. चोरीची वा बेकायदा मिळवलेली असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे लिलावातून आलेला माल आणि त्याची पावती, दोन्ही पाहूनच व्यवहार करावा.

ऐरणीसोबत बहुधा जुन्या छिन्न्यांचा ढीगही मिळतो. त्यातली पातळ, निमुळत्या धारेची छिन्नी तापलेल्या लोखंडासाठी आणि जाड, बोथट कोनाची थंड लोखंडासाठी असते. पातळ छिन्नी थंड लोखंडावर चालवली तर धार तुटून उडते. ज्यांचे डोके घाव खाऊन छत्रीसारखे पसरले आहे, त्यांची ती किनार वापरण्यापूर्वी घासून काढावी, कारण तिची कपची गोळीच्या वेगाने डोळ्यात जाऊ शकते. ग्राइंडर चालवायचाच असेल, तर तो इथे चालवावा.