दारातल्या फ्रेंच हत्तीबद्दल

"जुनी इम्पोर्टेड फ्रेंच टर्बो गाडी म्हणजे पांढरा हत्ती. टर्बो कधीही जातो, पार्ट मिळत नाहीत, आपल्याकडे मिस्त्री नाही, आणि 15 वर्षं झाली की थेट भंगार." महिन्याभरात हा मेसेज मला तिघांनी पाठवला, त्यातला एक सख्खा मेहुणा. साताऱ्यात माझ्या दारात 2011 ची रेनो फ्लुएन्स डिझेल उभी आहे, एवढंच निमित्त.

टर्बोची भीती सगळ्यांत मोठी, म्हणून तो आधी. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा घाट चढून आल्याआल्या चावी फिरवून गाडी बंद केली, की दांडा घासायला लागतो. टर्बो आपणहून क्वचित मरतो. बहुतेकदा मालकच मारतो.

आणि 'टर्बो गेला' म्हणजे दर वेळी गेलेला नसतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना खंबाटकीत गाडी ओढेना, मागे काळा धूर. पहिल्या गॅरेजने टर्बो बदलायचे साठ हजार सांगितले. दुसऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी होजखाली हात घातला. बोटं तेलकट निघाली. होजला पेराएवढी चीर होती. दाबलेली हवा तिथूनच निसटत होती. इंजिनाला हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं, म्हणून तो धूर. होज आणि क्लिपा बदलल्या, संध्याकाळी घरी.

पार्टचं म्हणाल तर हे 1461 सीसीचं इंजिन डस्टर, लॉजी, निस्सानची टेरानो आणि सनी, शिवाय महिंद्राच्या लोगनमध्येही होतं. फिल्टर, बेल्ट वगैरे नंबर जुळवून मिळतात. मिस्त्रीही याच गाड्यांवर तयार झाले. बॉडीच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याला पूर्ण गुण. माझी मागची लाइट फुटली तेव्हा सात आठवडे लाल टेप लावून फिरलो. बंपर, काचा, हेडलाइट जपावेच लागतात.

15 वर्षांनी भंगार, हे चूक. वयाचा असा नियम, डिझेलला 10 वर्षांचा, दिल्ली परिसरातला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. 2022 मध्ये त्याचं शुल्क मोटारीला 5,000 रुपये झालं, आयात मोटारीला 40,000. वर जुन्या गाडीवरचा हरित कर. इथेच 'इम्पोर्टेड' शब्द महागात पडतो. फ्लुएन्सचे सुटे भाग बाहेरून यायचे, पण जोडणी चेन्नईजवळ ओरगडमला व्हायची. गाडी फ्रेंच म्हणून आयात ठरत नाही. आरसी काढून बघा.

गंमत म्हणजे खरी धास्ती ज्याची घ्यावी, तो टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा, मेसेजात नाहीच. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग टर्बोचा खर्च स्वस्त वाटायला लागतो. जुनी गाडी बघायला गेलात तर आधी बेल्टचं बिल मागा. "हल्लीच बदललाय" हे बिल नव्हे. कागद नसेल तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपाचे पैसे किमतीतून वळते करूनच पुढचं बोला.