समुद्रातला पोटभाडेकरू

हवा स्वच्छ असली की नेदरलँड्समधल्या स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावरून पवनचक्क्या दिसतात, काड्यापेटीतल्या काड्या वाळूत खोचाव्यात तशा. या समुद्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पाचं नाव हॉलंड्से कुस्ट झाउद. 139 चक्क्या, दीड हजार मेगावॅट, सरकारी अनुदान शून्य. मधलं पाणी मोकळंच. 2024 मध्ये तिथे 10 हेक्टरवर समुद्री शेवाळाची शेती सुरू झाली.

वीज आणि पीक एकाच पाण्यात, म्हणून सगळे खूश. मला मेलीला हिशेब बघायची खोड. या शेतीला अ‍ॅमेझॉनने सुरुवातीला 15 लाख युरो दिले. पहिल्या वर्षीचं अपेक्षित पीक किमान 6,000 किलो ओलं शेवाळ. किलोला पडले 250 युरो! (त्यात संशोधनही आलं, मान्य. तरी.)

घोडं कुठे अडतं? समुद्र सरकारचा, वीज कंपनी भाडेकरू आणि शेवाळवाला पोटभाडेकरू. त्याच्याकडून भाडं मिळून मिळणार किती? उलट वादळात एखादा दोर सुटून खांबाला गुंडाळला, बोट आदळली, तर विमावाले आधी वीज कंपनीचं दार वाजवणार. मग ती पोटभाडेकरू ठेवेल कशाला?

म्हणून नुसती जागा देऊन भागत नाही. पवनचक्क्यांसाठी समुद्रातले भूखंड देतात त्या लिलावातच त्यासाठी गुण ठेवा. 2022 मध्ये हॉलंड्से कुस्ट वेस्ट या दुसऱ्या पवनक्षेत्रातल्या एका भूखंडासाठी डच सरकारने निसर्गरक्षणाला गुण ठेवले, आणि कंपन्यांना एकदम मासे-पक्षी सगळे आठवले! शेल आणि एनेको या ऊर्जा कंपन्यांच्या जोडीने तो भूखंड घेतला. तसेच गुण शेतीला जागा देण्यासाठी ठेवा, विम्याचा वाढीव हप्ता पहिली काही वर्षं सरकारने भरावा. आणि देखभालीची बोट तशीही जातेच, तिच्यात शेवाळवाल्याची दोन माणसं बसू द्या. खर्च वाचेल तो तिथेच. इतक्या लांब स्वतःची बोट काढायची म्हणजे डिझेलमध्येच पीक बुडतं.

आता आपल्याकडे. 2024 मध्ये केंद्राने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूला 500-500 मेगावॅट. गुजरातचा पट्टा पिपावावसमोरचा, आणि शेजारीच जाफराबाद. आपल्या घरात बोंबील खाणाऱ्यांना हे बंदर माहीत असायला हवं. चक्क्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत, त्यामुळे अटी घालायला वेळ आहे. तिथे नवा शेवाळवाला आणायच्या आधी एवढंच सांगा: जाफराबादवाल्यांची डोलजाळी (प्रवाहात एका जागी बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी) चक्क्यांच्या मधे लागणार की नाही, हे टेंडरच्या कुठल्या पानावर लिहिणार आहात?