सागाला जाळी, ॲशला भोक

सप्टेंबरात गडचिरोलीतल्या आलापल्लीहून चुलतभावाने फोटो पाठवला. अळीने खाऊन सागाच्या पानांची नुसती जाळी उरलेली, अख्खं रान तपकिरी. घरच्या व्हॉट्सॲपवर लगेच ओरड सुरू, ‘हेलिकॉप्टरने फवारणी करा!’ मी ‘नको’ लिहिलं. काका म्हणाले, ‘तुला काय जातंय अमेरिकेत, मिशिगनमधून बोलायला!’

जातंय थोडं. आमच्या इथल्या गल्लीत दुतर्फा ॲश नावाची सावलीची झाडं होती म्हणतात. मी आलो तोवर बुंधेच उरले होते. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा चकचकीत हिरवा भुंगा आशियातून आला, बहुधा सामानाच्या लाकडी खोक्यांतून. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ तो ओळखू आला, तेव्हा त्याला इथे येऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची अळी सालीखाली नागमोडी पोखरत जाते आणि झाडाचं अन्नपाणी तोडते. शेंडा वाळलेला दिसतो तोवर उशीर झालेला असतो. कोट्यवधी झाडं गेली. त्यातही चीड येते ती याची, की आधीची एल्म नावाची झाडं रोगाने मेली म्हणून त्यांच्या जागी ही ॲश लावली होती. पुन्हा ओळीने एकच जात!

मग ‘सरपण एका गावचं दुसऱ्या गावी नेऊ नका’ असे फलक लागले, लाकूड हलवण्यावर निर्बंध आले. भुंगा पसरतच राहिला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ते निर्बंध उठवले.

सागाची अळी मात्र आपल्याच रानातली. जाळी पडते ती पानगळीच्या तोंडावर. पुढे पालवी फुटतेच. केरळात निलांबूरच्या कोवळ्या सागबागांत मोजून पाहिलं, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पानं फस्त करणाऱ्या दुसऱ्या अळीने लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी घटवली होती. जाळी पाडणारीने फारसं काही बिघडवलं नव्हतं. आणि हेलिकॉप्टरच म्हणाल, तर केरळातल्याच कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं वरून फवारलेल्या एंडोसल्फान या कीटकनाशकाने तिथल्या माणसांचे काय हाल केले, ते विसरलो का आपण?

ओरडायचंच तर बंदरावर ओरडा. २००८ मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण असाच बाहेरून देशात आला. दोन वर्षांनी त्याचा शत्रू असलेली गांधीलमाशीच्या जातीची चिमुकली माशी परदेशातून आणली, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. परदेशातून येणाऱ्या लाकडी खोक्याच्या फळ्या आतली कीड मरावी म्हणून गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवल्या, की त्यांवर गव्हाच्या कणसाचा शिक्का मारतात. तो नीट बघणारी माणसं पुरेशी आहेत का, हे कुणी विचारत नाही.

काकांच्या धानगिरणीचं नवं यंत्र यंदा चीनहून आलं. खोक्यावर शिक्का होता का, विचारलं. ‘बघितलं कुणी? चुलीत घातलं केव्हाच.’

ते एक बरं केलं.